घाफच्या सावलीतली कोरडी विहीर

वादी गुवैसा
१२ जानेवारी १९६८

आदरणीय रुकय्या फुफी,

सलाम. ईद होऊन दहा दिवस झाले तरी मला देऱ्याला येता आलं नाही, म्हणून अब्बा नाराज असतील. त्यांना समजवा. पाण्याच्या सर्व्हेचे साहेब यंत्र आणायला बहारीनला गेलेत आणि एप्रिलच्या आधी परतत नाहीत. तोवर ओव्हरसियर म्हणून तंबू, पहारी, कप्पी, दोरखंड, सगळं माझ्या ताब्यात. रफिक दर आठवड्याला लॉरी घेऊन येतो, त्याच्याच हाती हे पत्र देतोय.

तुम्ही भूगोल शिकवलात, म्हणून जागेचं वर्णन करतो. वादी म्हणजे नदी, पण पाण्याशिवायची. डोंगरातून निघते. गोट्यांचं पात्र हमरस्त्याएवढं रुंद, दोन्हीकडे काळे उघडे डोंगर. पश्चिमेला डोंगर संपले की पात्र पंख्यासारखं पसरतं आणि वाळूत नाहीसं होतं. समुद्राला मिळतच नाही. हर्णैच्या माणसाला अशी नदी बघून कसंसंच होतं.

गाव तीस घरांचं. खजुराची बाग आहे, पण जुनी विहीर आटत चाललीय. चार बादल्यांनंतर चिखल येतो. गावचे वडीलधारे हमदान म्हणतात, उन्हाळ्याच्या आत नवं पाणी लागलं नाही तर घरं बंद करून सगळ्यांना किनाऱ्यावर जावं लागेल, मग बाग गेलीच. मी त्यांना शब्द दिलाय की पाणी मी दाखवीन.

का दिला हे तुम्हाला सांगायला नको. मी पायाळू. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीतलं पाणी कळतं, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. अब्बांनी ईदला पाठवलेला एक नारळ तळहातावर आडवा ठेवून मी सगळी वादी चाललो. इथल्या लोकांनी असलं काही पाहिलेलं नव्हतं, सगळे मागून येत होते. गावाखालच्या सगळ्यांत मोठ्या, हिरव्यागार घाफच्या झाडाखाली नारळ उभा राहिला. परवापासून खणायला लागलोय. इन्शाल्ला, पुढच्या पत्रात पाणी.

तुमचा
इद्रीस


देरा, दुबई
१८ जानेवारी १९६८

प्रिय इद्रीस,

अनेक दुआ. तुझं पत्र लाल पेन्सिलीने दुरुस्त करून सोबत परत पाठवते आहे. 'डोंगर' हा शब्द तू तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला आहेस, त्यातला एकच बरोबर आहे.

बत्तीस वर्षं मी कॉन्व्हेंटमध्ये मुलींना नद्या शिकवल्या. त्या बत्तीस वर्षांत एकाही मुलीने नदीचं खोरं समजून घ्यायला हातावर नारळ घेतला नाही. घेतला असता तर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तू माझा भाचा आणि सरकारी नकाशे बनवणाऱ्या साहेबाचा माणूस. तू तीस घरांसमोर हा तमाशा केलास, आणि वर मला आनंदाने कळवतोस.

आता घाफविषयी. आपल्याकडची शमी आणि हा घाफ हे एकच झाड. त्याचं मूळ नव्वद-नव्वद फूट खाली जातं. तो हिरवा आहे याचा अर्थ त्याला पाणी मिळतं. तुझ्या पहारीला मिळेल असा नाही. कोकणात उंबर बघून विहीर खणतात, कारण तिथे पाणी वर असतं. तू तीच सवय कपड्यांच्या ट्रंकेतून इकडे आणलीस. झाड जितकं हिरवं तितकं पाणी जवळ, हे वाळवंटात उलटंही असू शकतं.

तुझे अब्बा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलेत की आमच्या इद्रीसने वाळवंटात पाणी काढलं. अजून निघालेलं नाही, असं मी म्हटलं तर मला म्हणाले, "आपा, तुम्हाला पुस्तकाबाहेरचं काही पटतच नाही."

खणणं थांबव. आणि मला नीट लिही: कुठे कोणती झाडं, कोणती पात्रात, कोणती काठावर. पात्र कुठे रुंद, कुठे अरुंद. फांद्यांत काही अडकलेलं दिसतं का. नारळाची चटणी कर.

रुकय्या फुफी


वादी गुवैसा
३० जानेवारी १९६८

आदरणीय फुफी,

सलाम. शुद्धलेखनाबद्दल माफी. खणणं थांबवता येणार नाही. चौदा हात झालेत. आता थांबलो तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

अजून ओल नाही. सहा हातांनंतर गोटे चुन्याने असे धरलेत की सिमेंटचा स्लॅबच. परवा कडा ढासळून सुलतान नावाच्या माणसाच्या खांद्यावर दगड पडला. मोडलं काही नाही, पण हात गळ्यात बांधलाय. तो म्हणाला, "यल्ला, खणा तुम्ही, मी बसून गाणं म्हणतो." माणसं चांगली आहेत. वीस हातांवर लागेल असं मला आतून वाटतं.

तुमचे प्रश्न. पंख्यासारख्या भागात घाफ, तेही विरळ. वर येताना दोन्ही काठांना समर, म्हणजे बाभळीसारखं, छत्री उघडल्यासारखं झाड. मग सिद्र, ही आपली बोर. शेळ्यांनी खालच्या फांद्या इतक्या कुरतडल्यात की झाड जणू कापून सारखं केलंय. रुई कुठेही. गावाच्या वर दोन मैलांवर खिंड आहे. तिथे दोन्हीकडून खडक आत आलाय आणि पात्र वीस पावलांचं होतं. त्या खिंडीत आणि तिच्या जरा वर, भर पात्रात, कण्हेर. आपल्या दारातली गुलाबी कण्हेर. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. खिंडीच्या खाली एकही नाही.

फांद्यांचं विचारलंत. उजव्या काठच्या बोरींत माझ्या डोक्याच्या वर सुक्या झावळ्या आणि काटक्यांचे गुंते आहेत. कोणी शेळ्यांसाठी ठेवले असतील.

इद्रीस


देरा, दुबई
८ फेब्रुवारी १९६८

प्रिय इद्रीस,

शेळ्यांसाठी चारा माणसाच्या डोक्यावर ठेवतात, हे मी प्रथमच वाचलं. अरे, ते पुराने ठेवलंय. तुझी ती कोरडी नदी कधीतरी तुझ्या डोक्यावरून वाहते, आणि किती उंचावरून हे झाडांवर लिहून ठेवते. वाचता येत नसेल तर निदान विचारावं.

पण आज मला दुसरंच लिहायचंय. हे पत्र एकटा असताना वाच.

तू पायाळू नाहीस.

तू जन्मलास त्या मे महिन्यात मी सुट्टीवर हर्णैला होते. सुईण हव्वाबी, तुझी अम्मी आणि कंदील धरून उभी मी, एवढ्याच खोलीत होतो. तू डोक्याकडूनच आलास, सगळी मुलं येतात तसा. पण सातव्या महिन्याचा, मांजराच्या पिल्लाएवढा. बाहेर तुझी आजी म्हणत होती की हे जगायचं नाही, पोरीला माहेरी धाडा. हव्वाबीने माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडून सांगितलं, "पायाळू आहे. जपा दोघांना." त्या दिवसापासून तुझ्या अम्मीला दूध मिळालं, तूप मिळालं आणि चूल चाळीस दिवस कोणी दाखवली नाही. पोर पायाळू म्हटल्यावर आजीचा सूरच बदलला.

मी गप्प बसले. तेव्हा ते योग्य होतं असं मला आजही वाटतं. त्यानंतरची अठ्ठावीस वर्षं गप्प बसले, ते मात्र चुकलं. अंधश्रद्धेवर मुलींना निबंध लिहायला लावणारी मी, आणि घरात ही गोष्ट वाढू दिली. तुझ्या अम्मीच्या पश्चात तरी सांगायला हवं होतं. सुलतानच्या खांद्यावरचा दगड थोडा माझाही आहे.

आता तू काय करायचं ते सांगते. पहिलं, गावाला खरं सांग. पुढचा खड्डा कोणाच्या शब्दावर खणतोय हे खणणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. दुसरं, त्या कण्हेरीत खण. कण्हेर चैनीत वाढलेलं झाड, तिला पाय सतत ओले लागतात. तिथे पाच-सहा हातांवर पाणी नसेल तर मी माझी पदवी परत करीन. तिसरं, पाणी भरणाऱ्या बायकांना विचार. आतापर्यंत तुझ्या पत्रांत एकही बाई आलेली नाही. पाणी काय पुरुष भरतात तिथे?

रुकय्या फुफी


वादी गुवैसा
२१ फेब्रुवारी १९६८

फुफी,

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. लहानपणी लोक मला अंगणात उभं करून विचारायचे, पाणी कुठे आहे सांग. मी बोट दाखवायचो. कोकणात बोट कुठेही दाखवलं तरी पाणी लागतंच, हे आता कळतं.

घाफखालचा खड्डा सतराव्या हाताला सोडला.

तुमचं तिसरं काम केलं. हमदानची मोठी बहीण आहे, उम्म ओबेद, सत्तरीची. तिला म्हटलं, माझी फुफी दुबईत असते, खूप शिकलेली आहे, ती म्हणते कण्हेरीत पाणी आहे. म्हातारी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, "तुझ्या फुफीला सांग, हे इथल्या गाढवालाही माहीत आहे." त्या जागी तिच्या आईने हातांनी गोटे उपसून पाणी भरलंय. पण तिथे विहीर टिकत नाही. पहिला पूर आला की काठोकाठ गोट्यांनी भरते. तिच्या लहानपणी एकदा बांधली होती, ती एका दुपारी बुजली. कुठे होती तेसुद्धा आता दाखवता येत नाही.

तेव्हा पदवी परत करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

काटक्यांची उंची मोजली. पात्रापासून साडेचार हात. खिंडीच्या वरचा कच्चा नकाशा सोबत आहे. बाकी ठीक.

इद्रीस


देरा, दुबई
२९ फेब्रुवारी १९६८

प्रिय इद्रीस,

मी चुकले. पाणी कुठे आहे एवढंच पाहिलं, विहीर कुठे जगेल हे पाहिलं नाही. उम्म ओबेदला माझा सलाम सांग. पदवी मी परत करणार नाही, कारण पाणी आहे.

तुझ्या अब्बांना मी सगळं सांगितलं. हे आधी करायला हवं होतं, म्हणून जेवण वाढायच्याही आधी सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, "मग माझी कंबर दुखायची तेव्हा याने लाथ मारली की बरी कशी व्हायची?" मी म्हटलं, "मोहिद्दीन, बरी नाही झाली तर दुसरी लाथ बसेल या भीतीने." हसले नाहीत, पण चहा मागितला. दुकानात आता तुझ्या पाण्याविषयी बोलत नाहीत. हवामानाविषयी बोलतात.

आता नकाशा. आठवडाभर मी तो जेवणाच्या टेबलावर पसरलाय आणि घरातली सगळी जमिनीवर जेवताहेत. खिंडीत खडक दोन्हीकडून आत आलाय, तसा तो खालूनही वर आला असणार. गोट्यांखालून वाहत येणारं पाणी तिथे अडतं आणि वर चढतं. म्हणून कण्हेर तिथेच आणि पुढे नाही. हे झालं पाणी. आता पूर. काटक्या उजव्या काठच्या झाडांत आहेत, डाव्या काठाचं तू काही लिहिलं नाहीस. नकाशात खिंडीच्या शंभर पावलं वर, डाव्या काठावरून खडकाचं एक नाक पुढे आलेलं आहे. पूर त्याला आपटून उजवीकडे वळत असणार. त्या नाकाच्या आडोशाला तू सपाट पायरी दाखवली आहेस, पात्राहून सहा हात उंच. काटक्या साडेचार हातांवर. म्हणजे पायरी कोरडी राहते. तिथे खणायचं. सहा हात पायरीचे, पाच-सहा कण्हेरीचे, वर एक-दोन चुकीचे धर. जमीन लोखंडासारखी लागेल, पण बुजणार नाही.

मी घरात बसून सांगते आहे. उम्म ओबेद तिथे सत्तर वर्षं चालली आहे. आधी तिला दाखव.

आणखी एक. तुझ्या पत्रात एक वाक्य नाही. 'मी गावाला सांगितलं' हे ते वाक्य. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. या वेळी पाणी लागलं तर नारळ सतरा हातांसाठी चुकला आणि मग बरोबर आला असं होईल, कोणाला काही सांगायला नको. तू सांगेपर्यंत जागा मी अडवून ठेवली नाही, तहानलेल्या गावावर शिस्तीची छडी उगारायची नसते. पण तू गप्प राहून पाणी काढलंस, तर पुढच्या वादीत, पुढच्या गावात लोक तुझ्या हातात पुन्हा नारळ देतील. आणि तू घेशील. मी गप्प बसण्यातली तज्ज्ञ आहे, माझं ऐक.

रुकय्या फुफी


वादी गुवैसा
१९ मार्च १९६८

आदरणीय फुफी,

सलाम. बकरी ईद इथेच झाली. त्या दिवशी सगळे हमदानच्या दारात जमले होते. मी उभा राहिलो. माझं अरबी मोडकं, म्हणून रफिक शेजारी. मी म्हटलं, "मला पाणी दिसत नाही. कधीच दिसलं नाही. नारळ माझ्या हाताने फिरवला असेल, मला माहीत नाही. सतरा हात तुम्ही माझ्या खोट्यावर खणलेत. सुलतान, तुझा खांदा माझ्यामुळे गेला."

रफिकने भाषांतर केलं. मग हमदानने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "आम्हाला माहीत होतं."

मी विचारलं, कधीपासून.

"नारळापासून. घाफखाली माझ्या आजोबांनी खणलं होतं. कोरडं."

"मग खणलंत कशाला?"

त्याने रफिककडे पाहिलं, म्हणजे नीट भाषांतर कर असं. "पहारी तुझ्या. कप्पी तुझी. आमच्याकडे लोखंड नाही, म्हणून जागा तुझी. आणि पाहुण्याला लोकांत खोटं पाडायचं नाही, ही आमची रीत आहे. म्हटलं, हा थकेल. थकला की विचारेल."

सुलतान म्हणाला, "तू थकायला फार वेळ लावलास, हबीबी." मग सगळे हसले, त्याच्यासकट. मला हसता आलं नाही.

फुफी, मला वाटत होतं मी त्यांना फसवतोय. ते मला सांभाळून घेत होते. सतरा हात.

दुसऱ्या दिवशी तुमची जागा दाखवली. उम्म ओबेद पायरीवर चढली, काठीने जमीन ठोकली, वर डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, "जागा शहाणी आहे. पण इथे वरून ओहोळ येतो. दहा वर्षांतून एकदा येतो, पण येतो. तुझ्या फुफीने हा डोंगर पाहिलेला नाही." मग चाळीस पावलं बाजूला सरकली आणि काठी रोवली. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. ती म्हणाली, "तू घाफकडे पाठ फिरवलीस कधी?"

पहारींच्या पेटीची किल्ली मी हमदानला दिली. तो म्हणाला, "आता पहिली पहार तू मार, आणि शेवटचीही." सात दिवस मी खड्ड्यात आहे. हाताची सालं निघालीत, म्हणून अक्षर असं. सात हात झाले. अजून कोरडं. शुद्धलेखन तपासू नका.

इद्रीस


देरा, दुबई
२४ मार्च १९६८

प्रिय इद्रीस,

तपासलं. दोन चुका. दोन्ही हाताच्या सालांमुळे, म्हणून सोडून दिल्या.

सात हातांवर कोरडं असणारच, पात्राचा तळ तुझ्या पायाखाली नुकताच आला. आता खरी परीक्षा. मी बारा-तेरा म्हटलं होतं. सोळापर्यंत लागलं नाही तर मी चूक आहे, आणि तसं हमदानला माझ्या नावाने सांग, तुझ्या नाही. पण मला वाटतं लागेल. उम्म ओबेदची काठी आणि माझी पेन्सिल चाळीस पावलांच्या अंतरात भेटल्या, यापेक्षा जास्त पुरावा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता.

साहेब आल्यावर अहवाल मागतील. त्यात 'पाणी आढळले' असं आपोआप घडल्यासारखं लिहू नकोस. जागा कोणी दाखवली ते नावानिशी लिही. उम्म ओबेदचं खरं नाव विचारून घे. 'ओबेदची आई' हे नाव नव्हे, नातं आहे.

रफिकला विचार, पुढच्या फेरीला लॉरीतली पुढची सीट माझ्यासाठी ठेवेल का. ओहोळ मला स्वतः पाहायचाय.

रुकय्या फुफी


वादी गुवैसा
३१ मार्च १९६८

आदरणीय फुफी,

सलाम. तिचं नाव शम्सा. विचारलं तर म्हणाली, हे नाव चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. अहवालात पहिल्या पानावर लिहिलंय.

अकराव्या हाताला गोटे गार लागले. बाराव्याला ओले. काल दुपारी तेराव्या हातावर पहार मारली आणि बाहेर काढली तर भोकात पाणी उभं राहिलं. उसळलं वगैरे काही नाही. हळूहळू घोट्यापर्यंत आलं. वरून सुलतान विचारत होता, "काय झालं, काय झालं?" मी बादली दोरीला बांधली आणि वर पाठवली. शम्साने चव घेतली, जरा वेळ तोंडात धरलं, गिळलं आणि म्हणाली, "गोड." रात्रभरात दोन हात चढलं. सकाळी तीसच्या तीस घरांनी भरलं तरी ओसरलं नाही. विहीर गावापासून दोन मैलांवर, पण गाव तिच्या उताराला. बागेपर्यंत चर काढता येईल असं हमदान म्हणतो. शम्साही तसंच म्हणते, म्हणजे येईल.

या महिन्यात इथे खजुराच्या माद्या फुलतात. नराचा मोहर आणून माणसाने वर चढून त्यांच्यात बांधावा लागतो, नाहीतर फळ धरत नाही. पंधरा दिवस बाग फुलून उभी होती आणि एकही माणूस चढला नव्हता. मी कारण विचारलं नव्हतं. सोडून जायच्या झाडाला कोण मोहर बांधतो.

आज सकाळी मी तंबूतून बाहेर आलो तर हमदान कमरेला दोरी बांधून पहिल्या झाडावर होता. नराच्या मोहराची जुडी दातांत धरलेली. साठीचा माणूस. खालून शम्सा त्याला कुठला तुरा राहिला ते ओरडून सांगत होती.

इद्रीस